स्टॅबिलायझर बार आणि सस्पेन्शन: स्पोर्ट्स कारचा तोल कसा लावावा

मागच्या उजव्या बाजूच्या लिंक रॉडचा (स्टॅबिलायझर बारचे टोक चाकाकडच्या भागाशी जोडणाऱ्या दांडीचा) बोल्ट भोकात सरळ जात नव्हता. स्टॅबिलायझर बारचे टोक आणि लिंकचे भोक यांत चार-पाच मिलिमीटरचा फरक पडत होता, म्हणून मी टॉमीने (लोखंडी पहारीने) बार दाबून धरला, हातोडीचे दोन हलके ठोके दिले, नट आवळला आणि काम झाले असे समजलो. त्यानंतरचे तीन रविवार गाडी डाव्या वळणात नाक बाहेर काढत होती आणि उजव्या वळणात शेपटी सोडू पाहत होती. मी आधी अलाइनमेंटला दोष दिला, मग टायरना, मग शॉकअपना. चौथ्या रविवारी तोच बोल्ट सोडवताच बारचे टोक टपकन उडाले, तेव्हा कारण हाती आले. बार बसवतानाच पिळला गेला होता आणि गाडी सरळ उभी असतानाही तो तिरक्या, कर्णरेषेत समोरासमोर येणाऱ्या दोन कोपऱ्यांवर जास्त भार टाकत होता. सोलापुरात, घरच्या किंवा ओळखीच्या गॅरेजमध्ये, हे काम कोणत्या क्रमाने करावे ते पुढे लिहिले आहे, आणि तो क्रम बऱ्याच अंशी अशा चुकांनीच ठरवला आहे.

बार नेमके काय करतो

स्टॅबिलायझर बार, ज्याला पुस्तकी भाषेत अँटी-रोल बार म्हणतात, ही डाव्या आणि उजव्या चाकांना जोडणारी पिळाची स्प्रिंग आहे. दोन्ही चाके एकदम वर गेली तर बार आपल्या बुशमध्ये (आधाराच्या रबरी कड्यांमध्ये) नुसता फिरतो. एकच चाक वर गेले किंवा वळणात गाडी एका बाजूला कलली, तरच तो पिळला जातो आणि कलण्याला विरोध करतो. येथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. गैरसमज त्यापुढे सुरू होतो, कारण बार घट्ट केला की पकड वाढते असे सर्रास मानले जाते. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार जाणार, हे गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर आणि वळणाचा वेग व त्रिज्या यांवर ठरते. बार बदलून त्या एकूण आकड्यात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. त्या भारापैकी किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या, एवढेच बार ठरवतो. टायरचा स्वभाव असा, की त्यावरचा भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. त्यामुळे ज्या जोडीत आतल्या आणि बाहेरच्या चाकांवरील भारात जास्त तफावत असते, त्या जोडीची एकूण पकड घटते. पुढचा बार घट्ट केला तर गाडी अंडरस्टीअरकडे, म्हणजे नाक बाहेर जाण्याकडे झुकते. मागचा घट्ट केला तर ओव्हरस्टीअरकडे, म्हणजे शेपटी सुटण्याकडे.

मागे इंजिन असलेल्या अमेरिकेतील शेवरोले कॉर्व्हेअर या गाडीने हा धडा महागात शिकवला. 1960 ते 1963 या वर्षांच्या मॉडेलना पुढचा बार नेहमीच्या सज्जतेत दिलेला नव्हता आणि तोल सांभाळण्यासाठी कंपनीने पुढच्या टायरमध्ये 15 व मागच्या टायरमध्ये 26 पीएसआय हवा ठेवण्यास सांगितले होते. पुढे-मागे एवढा फरक ठेवून हवा भरण्याची शिस्त किती मालक पाळतील, हे आपल्या पेट्रोलपंपांवरच्या अनुभवावरून कोणीही सांगू शकेल. 1964 च्या मॉडेलमध्ये पुढचा बार सर्व गाड्यांना आला.

घन बारचा ताठरपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 20 मिमीच्या जागी 22 मिमीचा बार बसवला, तर हातात धरून पाहता फरक जाणवणारही नाही, पण ताठरपणा सुमारे 46 टक्क्यांनी वाढलेला असतो. बारच्या टोकाला असलेला हात जितका आखूड तितका बार ताठर, आणि येथे हिशोब लांबीच्या वर्गाचा असतो: 250 मिमीचा हात 225 मिमी केला की ताठरपणा जवळपास 23 टक्क्यांनी चढतो. समायोज्य बारच्या टोकाला दोन, तीन किंवा अधिक भोके असतात ती याचसाठी. टोकाकडचे भोक म्हणजे लांब हात आणि मऊ बार; आतले भोक म्हणजे आखूड हात आणि घट्ट बार. पोकळ बारचा फायदा वजनात आहे: बाहेरून 25 मिमी आणि आतून 17 मिमी व्यासाची नळी तेवढ्याच जाडीच्या घन बारच्या 79 टक्के ताठरपणा 54 टक्के वजनात देते.

पाना हातात घेण्याआधी

बारला हात लावण्यापूर्वी गाडी निरोगी आहे याची खात्री करावी, कारण फाटलेला बुश आणि चुकीचा बार यांची लक्षणे वळणात सारखीच दिसतात. लोअर आर्मच्या रबरी बुशना चिरा आहेत का, बॉल जॉइंट ढिले आहेत का, शॉकअपच्या दांड्यावर तेल आले आहे का, हे पाहावे. गाडी वर उचलून प्रत्येक चाक बारा आणि सहाच्या, मग नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवावे. आपल्याकडे उंच गतिरोधक आणि खोदलेल्या रस्त्यांचे बुजवलेले चर एवढे आहेत, की जुन्या गाडीत यांपैकी काही ना काही सापडतेच. जे सापडेल ते आधी बदलावे. रबरी बुश असलेल्या आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळावेत. गाडी हवेत लटकत असताना आवळले तर बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि लवकर फाटतो.

टायरची हवा हे सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित समायोजन आहे. जानेवारीत, गड्डा यात्रेच्या दिवसांतील पहाटे, तापमान 15 अंश असताना, 30 पीएसआय भरलेला टायर मे महिन्यातील 42 अंशांच्या दुपारी, आत एक फुंकरही जादा न घालता, सुमारे 34 पीएसआय दाखवील, आणि गाडी धावल्यावर आणखी चढेल ते वेगळेच. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत हवेचे तापमान आणि थंड टायरचा दाब लिहावा, आणि मोजणीसाठी स्वतःचा एकच गेज वापरावा. दोन पंपांवरचे गेज एकमेकांशी भांडतात, त्यात आपण पडू नये.

यानंतर वजन. चारही चाकांखाली ठेवायचे स्वतंत्र काटे कोणाकडे असतील तर उत्तमच, पण ज्या जिल्ह्यात उसाच्या गाड्या मोजायला जागोजागी वजनकाटे आहेत, तेथे निदान पुढचा आणि मागचा भार सहज कळतो. पूर्ण गाडी मोजावी, मग फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून मोजावे, मग फक्त मागची, आणि बेरीज जुळते का ते पाहावे. हे काटे बहुधा 5 किंवा 10 किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतात, त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूंतील बारीक फरकासाठी त्यांचा उपयोग नाही. मात्र गाडीचे 55 टक्के वजन पुढे आहे की 48, हे त्यावरून नक्की समजते, आणि पुढचे सगळे निर्णय त्या आकड्यापासून सुरू होतात.

सपाट जागा शोधणे वाटते त्यापेक्षा अवघड आहे. शहाबादी फरशी डोळ्यांना कितीही सपाट दिसली तरी पाणी जावे म्हणून तिला उतार दिलेला असतो. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्यावी, चारही चाकांच्या जागी तिची पातळी पाहावी आणि जेथे फरशी खाली आहे तेथे टाइलचे पातळ तुकडे ठेवून चारही जागा दोन मिलिमीटरच्या आत एका पातळीवर आणाव्यात. त्या जागांवर रंगाने खुणा करून ठेवल्या की दर वेळी हा खटाटोप करावा लागत नाही. मग प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहावे. गाडीखाली जायचे असेल तर जॅकवर कधीही विसंबू नये. कठीण जमिनीवर ठेवलेले मजबूत स्टँडच हवेत. अंगाखाली मी जुनी, जाडजूड सोलापुरी चादर अंथरतो, कारण सांडलेले तेल ती पुठ्ठ्यापेक्षा चांगले शोषते आणि निसटलेला वॉशर तिच्यावरून घरंगळत जात नाही.

दोष नेमका कोठे आहे

‘गाडी अंडरस्टीअर करते’ हे वाक्य अपुरे आहे. वळणात शिरताना करते, वळणाच्या मध्यात करते की बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर करते, हे वेगळे सांगता आले पाहिजे. मध्यात, जेव्हा स्टीअरिंग, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांपैकी काहीच बदलत नसते, तेव्हाचा दोष हा बार आणि स्प्रिंगचा प्रांत. शिरताना आणि निघताना, जेव्हा गाडी कलत असते किंवा सरळ होत असते, तेव्हाच्या दोषात शॉकअपचा हात असतो. शिरताना नाक आळशी वाटत असेल आणि मध्यात सगळे ठीक असेल, तर बार बदलून मध्याचा तोल बिघडवणे हा शहाणपणा नव्हे.

मध्याचा तोल तपासण्यासाठी 15 मीटर त्रिज्येचे वर्तुळ पुरते. रविवारी बंद असलेल्या कारखान्याचे काँक्रीटचे मोकळे आवार, मालकाची लेखी परवानगी, मध्यभागी एक खूण, दोरीने आखलेला चुन्याचा घेर आणि चहूबाजूंनी रिकामी जागा एवढे जमले की झाले. तुळजापूरचा घाट ही चाचणीची जागा नाही. तो कोजागरीला पायी निघणाऱ्या भाविकांचा रस्ता आहे, आणि इतर दिवशीही वळणापलीकडे कोण आहे हे कोणाला दिसत नाही. वर्तुळावर वेग अगदी हळूहळू वाढवावा आणि स्टीअरिंगच्या माथ्यावर चिकटवलेल्या पट्टीकडे लक्ष ठेवावे. त्याच घेरावर राहण्यासाठी स्टीअरिंग अधिकाधिक वळवावे लागत असेल तर अंडरस्टीअर. उलट मोकळे सोडावे लागत असेल तर ओव्हरस्टीअर. या घेरावर ताशी 40 किलोमीटर म्हणजे सुमारे 0.84 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 0.84 पट आडवा जोर), आणि एका फेरीला साडेआठ सेकंदांच्या आतबाहेर लागतात. दोन्ही दिशांना पाच-पाच फेऱ्या माराव्यात आणि शेजारी बसलेल्याने वेळ टिपावी. डाव्या आणि उजव्या फेऱ्यांच्या वेळांत सातत्याने फरक येत असेल तर बारचे भोक बदलण्याआधी लिंक आणि अलाइनमेंट तपासावी. माझे तीन रविवार याच नोंदीने वाचले असते.

भोक निवडणे आणि लिंक बसवणे

आता मुख्य काम. नियम असा, की गाडीचे जे टोक, पुढचे किंवा मागचे, आधी पकड सोडते त्याचा बार मऊ करावा किंवा दुसऱ्या टोकाचा घट्ट करावा. दोन्हींनी तोल एकाच दिशेने सरकतो, तरीही आपल्या रस्त्यांवर मी पहिला मार्गच आधी सुचवतो. घट्ट बार एका चाकाला बसलेला दणका दुसऱ्या चाकापर्यंत पोहोचवतो, आणि ज्या रस्त्यावर दणके प्रामुख्याने एकाच बाजूला बसतात तेथे गाडी वळणात रेषा सोडून आडवी उडी मारते. गाडी कमी कलते म्हणून जास्त वेगाने जाते, हा भास बसणाऱ्याला होतो. घड्याळाला होत नाही.

घट्ट करण्याला आणखी एक मर्यादा आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा मागचा बार फार घट्ट केला, तर आतले मागचे चाक हलके होते, आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक मोकळे फिरू न देणारा डिफरन्शियल) नसेल तर वळणातून निघताना तेच चाक जागच्या जागी फिरू लागते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हीच तक्रार पुढच्या घट्ट बारमुळे येते; म्हणून अशा गाड्यांत मागचा बार वाढवण्याची पद्धत आहे, मग आतले मागचे चाक वळणात जमिनीपासून उचलले गेले तरी बिघडत नाही. मात्र ते चाक उचलले गेल्यावर मागचा बार आणखी घट्ट करून काहीही मिळत नाही, कारण मागच्या जोडीतील सगळा भार आधीच बाहेरच्या चाकावर गेलेला असतो.

एका वेळी एकाच टोकाचे एकच भोक बदलावे. तीन भोकांचा बार असेल तर डावीकडे मधले आणि उजवीकडे टोकाचे भोक वापरून मधली पायरीही मिळते, आणि तसे केल्याने गाडी एका बाजूला ओढेल ही भीती निराधार आहे, फक्त लिंकची लांबी दोन्हीकडे जुळवून घेतलेली असावी.

लिंकची लांबी जुळवणे म्हणजेच बारमधला आधीचा पीळ काढणे. त्यासाठी गाडी खुणा केलेल्या सपाट जागेवर चाकांवर उभी असावी, टाकी रोजच्याइतकी भरलेली असावी आणि चालकाच्या जागी चालक स्वतः किंवा त्याच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या असाव्यात. गाडी थोडी पुढे-मागे ढकलून आणि चारही कोपरे दाबून सोडून सस्पेन्शन जागेवर बसू द्यावे. एका बाजूची लिंक जोडून आवळावी. दुसऱ्या बाजूला लिंकच्या मधल्या नळीला एका टोकाला सरळ आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतात; नळी फिरवली की लिंक लांब किंवा आखूड होते. ती अशी फिरवावी, की बोल्ट दोन बोटांनी, पाना न लावता, भोकातून आरपार सरकला पाहिजे आणि तितक्याच सहज परत ओढता आला पाहिजे. मग लॉकनट आवळावेत. हे करताना रॉड एंडचे (लिंकच्या टोकाच्या सांध्यांचे) गोलक दोन्ही टोकांना एकाच कोनात आहेत ना हे पाहावे, नाहीतर सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर ते अडतात आणि काही महिन्यांत खडखडू लागतात. पॉलियुरेथेनचे बुश असतील तर त्यांना सिलिकॉन ग्रीसच लावावे. कोरडे राहिले की ते प्रत्येक गतिरोधकावर कुंईकुंई करतात आणि बारही मोकळेपणी फिरू देत नाहीत.

जेथे नियम उलटा पडतो

मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला उभा खांब, जो चाकही धरून ठेवतो) असलेल्या गाडीत पुढचा बार घट्ट केल्यावर अंडरस्टीअर वाढण्याऐवजी कमी झाल्याचे कधी कधी आढळते, आणि नियम पाठ केलेला माणूस गोंधळतो. कारण सरळ आहे. स्ट्रटच्या रचनेत गाडी कलली की बाहेरचे चाकही तिच्यासोबत बाहेर कलते आणि टायर आपल्या बाहेरच्या कडेवर चालू लागतो. बारने कलणे कमी केले तर टायर जमिनीवर सपाट राहतो, आणि हा फायदा भाराच्या वाटणीतील तोट्यापेक्षा मोठा ठरू शकतो. टायरच्या बाहेरच्या कडेची झीज जास्त दिसत असेल, तर आधी थोडा ऋण कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकवणे) वाढवून पाहावा, मग बारचा विचार करावा.

गाडी खाली बसवण्याचा मोहही येथेच नडतो. स्प्रिंग कापून किंवा कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअप) फिरवून गाडी फार खाली आणली, की स्ट्रटच्या गाडीत लोअर आर्म बाहेरच्या बाजूला वर चढतो, रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्याहून जास्त खाली जाते आणि गाडी दिसायला जमिनीलगत असूनही जास्त कलू पाहते. मग ते झाकायला आणखी जाड बार घेतला जातो. आर्म आडवा किंवा बाहेरच्या टोकाला किंचित खाली झुकलेला राहील एवढीच उंची कमी करावी. मोटार वाहन कायदा 1988 मधील कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधने घालते, हेही खर्च करण्यापूर्वी ध्यानात घ्यावे आणि बदल विमा कंपनीला कळवावा.

टो, म्हणजे वरून पाहता चाकांची पुढची कड आत (टो-इन) किंवा बाहेर (टो-आउट) वळलेली असणे, हे सर्वात संवेदनशील समायोजन आहे. 17 इंची रिमच्या कडांवर मोजलेला 1 मिमी टो म्हणजे सुमारे 8 मिनिटांचा कोन. पुढे किंचित टो-आउट दिल्यास नाक चटकन वळते. मागे किंचित टो-इन असल्यास शेपटी शांत राहते. मागे टो-आउट कधीही ठेवू नये.

शॉकअपच्या क्लिक (समायोजनाच्या खुंटीच्या पायऱ्या) नेहमी पूर्ण घट्ट टोकापासून मागे मोजाव्यात, म्हणजे दोन्ही बाजूंची मोजणी एकाच जागेपासून सुरू होते. कोणत्या टोकाला पकड हवी आहे ते ठरवून त्या टोकाचे डॅम्पिंग (शॉकअपचा हालचालीला विरोध) दोन क्लिकने मऊ करणे ही सुरक्षित सुरुवात आहे. रिबाउंड (दबलेले सस्पेन्शन परत लांबताना शॉकअप करतो तो विरोध) फार घट्ट झाले आहे का, हे चौकाआधीच्या रंबलर पट्ट्या सांगतात: पट्ट्यांच्या रांगेवरून जाताना पहिल्या दोन-तीन पट्ट्या मऊ आणि पुढच्या कडक लागत असतील, तर चाक परत खाली येण्याआधी पुढची पट्टी येते आणि सस्पेन्शन दबत दबत तळाला जाते. अशा वेळी रिबाउंड सोडावे.

प्रत्येक बदलानंतर वहीत तारीख, तापमान, हवा, भोक, क्लिक आणि फेरीची वेळ लिहावी. बदल आवडला नाही तर आधीच्या जागी परत जाऊन पुन्हा फेऱ्या माराव्यात. वेळ परत तीच आली नाही, तर मधल्या काळात टायर तापले, रस्ता तापला किंवा चालक शिकला असे समजावे आणि त्या दिवसाच्या नोंदींवर काट मारावी. मे महिन्यात दहा वाजल्यानंतरच्या नोंदींवर मी स्वतः विश्वास ठेवत नाही.

सगळे बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळून प्रत्येक नटावरून बोल्टवर पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढावी. 100 किलोमीटर चालल्यावर गाडी पुन्हा स्टँडवर घ्यावी आणि टॉर्चच्या उजेडात त्या रेघा पाहाव्यात. जेथे रेघ नटाशी तुटून पुढे सरकलेली दिसेल, तेथे नुसते पुन्हा आवळून भागत नाही. तो बोल्ट पूर्ण काढून आटे तपासावेत, आणि तो दोन बोटांनी आत सरकतो का हे पुन्हा पाहावे.